बेन्झोइक आम्लाचा अर्ज

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बेन्झोइक आम्लानं जूनमध्ये लेखी अर्ज दिला, की आपला आकडा आधीच लिहून ठेवणाऱ्यांसमोर यापुढे आपण वितळणार नाही. अर्जाला आवक क्रमांक पडला. प्राचार्यांनी 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून तो प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माझ्याकडे पाठवला.

मला त्यात वावगं काही दिसलं नाही. हे आम्ल १२२ अंशाला वितळतं असं पुस्तकात छापलेलं आहे. मुलं बर्नर पेटायच्या आधीच वहीत १२२ लिहून मोकळी होतात, मग नळीकडे बघतंय कोण? इतकी वर्षं बिचारं मुकाट्यानं वितळत होतं. मी असतो तर पहिल्याच वर्षी संपावर गेलो असतो.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले ते डॉ. धनवडे. वीसपैकी एकोणीस जणांनी पाच मिनिटांत १२२ लिहिलं. विसावी जुलेखा मुलाणी. एवढ्या एका विषयापायी तिची पदवी वर्षभर अडली होती. तिनं बारीक काचनळीत पांढरी पूड ठोकून भरली, नळी थर्मामीटरला दोऱ्यानं बांधली, तेलात सोडली आणि डोळे लावून बसली. पारा १२२ ओलांडून गेला, १६० ला पोचला. पूड होती तशीच.

"काय लिहिलंस?" धनवडेंनी विचारलं.

"काय न्हाई सर. अजून वितळलं न्हाई."

"अगं, १२२ लिही आणि मोकळी हो. सगळ्यांनी लिहिलंय."

"बघितल्याबिगर कसं लिहू?"

"मग शून्य मिळेल."

"मिळू दे सर," ती म्हणाली आणि बर्नर बंद केला. नळीवरची नजर मात्र काढली नाही. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

वेळ संपली, एकोणीस जण पेपर देऊन गेले. अर्जात 'समोर' असा शब्द होता, तेव्हा आता अडचण नको होती. तरी पूड हलेना. मग माझं लक्ष धनवडेंच्या हातातल्या उत्तरपत्रिकेच्या नमुन्याकडे गेलं; त्यातही १२२ आधीच लिहिलेलं होतं. मी कपाटातून अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "रीतसर आहे," म्हणाले. मग लाल पेन काढून नमुन्यातला आकडा खोडला, बाजूला सही केली, तारीख घातली आणि स्टूल ओढून जुलेखाच्या शेजारी बसले.

पारा हळूहळू उतरत होता. एका क्षणी पुडीच्या कडा ओलावल्या आणि सगळी नळी पाण्यासारखी नितळ झाली. इतकं नेटकं काम मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

धनवडे बराच वेळ वाकून बघत राहिले. "मी हे पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन उघडलं आणि जुलेखाला विचारलं, "किती?"

तिनं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.