मीटरकाकांच्या रक्तातल्या खुणा

बायको जाऊन पाच आठवडे झाल्यावर, एका मंगळवारी दुपारी, मीटरकाकांची स्मरणशक्ती गेल्याचं घरात जाहीर झालं.

लेक काही दिवस राहायला आली होती. तिनं चहा टाकला आणि साखर कुठे आहे म्हणून विचारलं. काकांनी बराच विचार करून एक कपाट उघडलं, त्यात इस्त्री निघाली. मग तिनं घराचे कागद विचारले, प्लंबरचा नंबर विचारला. काका खिडकीबाहेर बघत दर वेळी म्हणत, "असेल बघ इथेच कुठेतरी." नातीचा वाढदिवस कधी, यालाही ते तेच म्हणाले. तेव्हा लेकीनं गॅस बंद केला आणि भावाला फोन लावला.

काकांनी पाणीखात्यात पस्तीस वर्षं मीटरं वाचली होती. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी बसल्या जागी ते सगळ्या गल्ल्या हिंडून येत. बेकरीचं मीटर जिन्याखाली, काच धुरकट. पुढच्या घराच्या फाटकाची कडी उलटी. तिथलं कुत्रं मरून जमाना झाला होता, पण काका मनातल्या मनात अजून त्याला वळसा घालून जात. दुनियेच्या घरातलं पाणी त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरातली साखर तेवढी माहीत नव्हती.

भावाबहिणीचं फोनवरच ठरलं. घराला कुलूप लावायचं, बाबांना लेकीकडे न्यायचं. काकांना जायचं नव्हतं. इथे सकाळी जाग आली की पहिली दोन मिनिटं बायको आत कामात आहे असं वाटायचं. लेकीच्या सहाव्या मजल्यावर ती दोन मिनिटं मिळणार नव्हती. पण हे कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला तर येतो."

डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. मेंदूत खोलवर अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या खराब होत गेल्या की माणूस मंदावतो, विसरतो. मेंदूचा फोटो काढू, आणि त्याच्या काही खुणा रक्तात दिसतात का तेही बघू. नुसत्या रक्तावरून निकाल देता येत नाही, पण अंदाजाला आधार मिळतो. त्याच रक्तात साखर आणि चरबीही बघायची होती, म्हणून ते उपाशीपोटी द्यायचं होतं.

तिथेच घोळ झाला.

लॅबमधल्या बाईंनी काही खाल्लंप्यायलंय का म्हणून विचारलं. काका प्रामाणिक माणूस. मीटर न बघता त्यांनी कधी आकडा टाकला नव्हता. ते विचार करू लागले. चहा प्यायल्यासारखं वाटत होतं, पण तो आजचा की कालचा? चाळीस वर्षं सकाळी त्यांच्यासमोर कप येई आणि ते गल्ल्या हिंडत असताना रिकामा होऊन जाई.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. बाईंनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं आणि उद्या यायला सांगितलं. लेकीचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं. काका दाराच्या पायरीवर जाऊन बसले. शेजारीणबाईंनी खिडकीतून ते कुलूप पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या. त्यांनी भिंतीवरून चहा आणि दोन टोस्ट दिले. लॅबमध्ये काकांनी छातीठोकपणे सांगितलं, की आज पोटात काही नाही.

"काका, मिशी पुसा आणि उद्या या," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत लेक बापाला उपाशी ठेवते हे गल्लीभर झालं होतं. तीन घरांतून डबे आले. चौथ्या घरातल्या आजोबांनी लेकीला अर्धा तास उपदेश केला. तिसऱ्या दिवशी ती उजाडल्यापासून बापासमोर खुर्ची टाकून बसली आणि बापाबरोबर तीही उपाशी राहिली. लॅबमध्ये रक्त काकांनी दिलं, चक्कर लेकीला आली.

आठवड्यानं ती दोघं डॉक्टरसमोर बसली. आधी घरच्यांना विचारायचे काही प्रश्न होते.

"घरातल्या वस्तू कुठे असतात हे सांगता येतं?"

"नाही."

"आणि दहा वर्षांपूर्वी?"

"तेव्हा आई काढून द्यायची."

"जवळच्यांचे वाढदिवस?"

"आई आठवण करून द्यायची."

"औषधं वेळेवर घेत होते?"

"आई द्यायची."

चौथा प्रश्न आलाच नाही. डॉक्टरनं कागदावर काही न लिहिता पेन खाली ठेवलं. रक्त आणि फोटो वयाच्या मानानं ठीक होते. "पुढेही लक्ष ठेवू," तो म्हणाला, "पण बाबा फारसं काही विसरलेले दिसत नाहीत. त्यांना हे कधी माहीतच नव्हतं."

लेकीला हसू फुटलं. ते मध्येच रडण्यावर गेलं. काका तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माहीत होतं गं सगळं. तिच्याकडे ठेवलेलं होतं."

लेकीनं एका महिन्याची मुदत दिली. महिन्याभरात घर शिकायचं, नाहीतर मुकाट्यानं सहाव्या मजल्यावर यायचं. जाताना तिनं शेजारीणबाईंना बापाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तसं आपण आधीपासून ठेवतोच आहोत, असं त्यांनी ऐकवलं.

काका कामावर निघाल्यासारखे रोज सकाळी वही घेऊन घरात फिरू लागले. खणामागून खण उघडायचा, काय आहे ते लिहायचं, पुढे जायचं. नवव्या दिवशी त्यांना बायकोची फोन नंबरांची डायरी सापडली. छत्तीस नावं होती, आणि त्यातली निम्मी त्यांनी कधी ऐकलीही नव्हती.

त्या अनोळखी नंबरांपैकी रोज एक ते लावू लागले. एक निघाली चष्म्याच्या दुकानातली बाई. दुसरी कधीकाळी बसच्या प्रवासात भेटलेली. तिच्याशी बायको अकरा वर्षं दर गुरुवारी बोलत होती.

"आठ गुरुवार झाले, फोन नाही," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्यावर रागावली की काय."

काकांनी सांगितलं. पलीकडून तिनं कधी, म्हणून विचारलं. मग ती म्हणाली, "तुम्ही मीटरवाले ना? बसल्या जागी हिंडून आलात की ती मला सांगायची, आज कुठल्या गल्लीत होतात ते."

"तिला कसं कळायचं?"

"तुम्ही बोलत असता म्हणे. मोठ्यानं."

स्वयंपाकघर आता काकांचं पाठ झालं आहे, कपाटंही झाली आहेत. डायरीतल्या सात जणांना अजून कळवायचं राहिलं आहे.