स्नोर बोक्याच्या छातीत दुखतं

हार्लिंगनची रिन्स्के विर्डा रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी खिडकीतून बंदराकडे बघत असे आणि वारा कुठून वाहतो आहे ते मित्रमंडळींना कळवत असे. मित्रमंडळी म्हणजे 'सकाळची कॉफी' हा इंटरनेटवरचा गट. कुंडीत जिरेनियमची कलमं कशी लावावीत यासाठी तो कधीकाळी सुरू झाला होता. जिरेनियमबद्दल शेवटचं वाक्य कुणी लिहिलं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. आता तिथे तीनच विषय उरले होते: हवा, तब्येत आणि घरातली जनावरं. या तीन विषयांवर हॉलंडातली माणसं मरेपर्यंत बोलू शकतात, आणि गटातली काही तशी बोलत बोलत गेलीही होती.

रिन्स्केच्या लहानपणी एकमेकांची खबर घ्यायला यंत्रं लागत नसत. सकाळी नऊपर्यंत एखाद्या घराचे पडदे उघडले नाहीत, तर शेजारीण मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येई. एकदा रिन्स्केच्या आईला तापाने उठवेना, तेव्हा शेजारच्या आउक्येबाई आल्या. 'मेलीस की काय गं?' असं विचारत त्यांनी शेगडी पेटवली, पोरांना पावाला लोणी लावून दिलं, आणि पडद्यांवर धूळ फार झाली आहे, हे जाता जाता आईला ऐकवलं. आई दुसऱ्या दिवशी बरी झाली ती केवळ पडदे धुण्यासाठी. आता आउक्येबाईंच्या घरात एक जर्मन जोडपं फक्त उन्हाळ्यात येई, मागच्या दाराला आतून कडी असे, आणि पडद्यांचं खातं गटाकडे गेलं होतं.

गटाची व्यवस्था आपलडोर्नच्या हेर्मिनाकडे होती. लोकांनी बागेत उभारलेल्या खोपटांना परवानगी नाकारण्यात तिने नगरपालिकेतली सगळी वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर नाकारायला काहीच न उरल्याने तिची प्रकृती ढासळली होती, ती गट हाती आल्यावर सुधारली. गटात शिस्त आणण्याची संधी तिला झ्वोलेच्या वाउटरने दिली. वाउटर निवृत्त बसचालक. एका सकाळी, मंडळी नाश्ता करत असताना, त्याने आपल्या मूत्राशयाची हकीकत थांब्याथांब्यासह लिहिली. त्याच दुपारी नियमावली जाहीर झाली. आधी हवा लिहायची, कारण हवेने कुणाच्या भावना दुखावत नाहीत. मग तब्येत. शेवटी जनावर. तब्येतीच्या सदरात एका माणसाला एका दिवशी एकच दुखणं मंजूर, आणि दुपारच्या जेवणापूर्वी कमरेच्या खालचं काही नाही.

"माझा गुडघाही दुखतो आणि दाढही," डेव्हेंटरच्या लिडेवायने विचारलं. "कुठलं लिहू?"

"जेवणाआधी लिहितेयस, तेव्हा दाढ," हेर्मिनाने कळवलं.

"आणि गुडघा उद्या लिहू?"

"शिल्लक दुखणं पुढच्या दिवसावर ओढता येणार नाही. उद्या नव्याने दुखलं पाहिजे."

पळवाट शोधली ती वाउटरनेच. "माझ्या ब्रामचा गुडघा धरलाय, आणि कंबरही," त्याने लिहिलं. "ब्राम कुत्रा आहे हो, हेर्मिना. त्याला लागतो का तुझा नियम?"

हेर्मिनाने बराच विचार केला. मग उत्तर आलं, की प्राण्यांच्या व्याधींबाबत नियमावली मौन बाळगून आहे, सबब बंदी समजण्यात येऊ नये.

त्या दिवसापासून गटातली जनावरं झपाट्याने खंगू लागली. ब्रामला रात्री सारखं उठावं लागे. लिडेवायच्या सशाच्या दाढेवर टोपी बसवायची होती आणि दंतवैद्याची तारीख मिळत नव्हती. उट्रेख्टच्या एका बाईंचा सोनेरी मासा खुर्चीतून एकदम उठला की त्याला भोवळ येई. मासा खुर्चीत काय करत होता, असं एका नव्या सभासदाने विचारलं, तेव्हा दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसल्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आलं.

सुरुवातीला सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण रोज सशाची चौकशी केली, की हळूहळू खरोखरच सशाची काळजी वाटू लागते. शिवाय ती माणसाच्या काळजीपेक्षा सोपी. ससा उलट फोन करत नाही, आणि 'येशील का?' असंही विचारत नाही.

रिन्स्केकडे स्नोर नावाचा बोका होता. स्नोर म्हणजे मिशी, आणि त्याची होतीही तशी झुपकेदार. तो हेरिंग मासा काट्यासकट खाई, शेजारच्या कुत्र्यांना दम भरी, आणि जन्मात कधी शिंकला नव्हता. त्यामुळे गटात रिन्स्केचं वजन जरा कमीच होतं.

शरद ऋतूत रिन्स्केला जिना चढताना दम लागू लागला. डावा हात जड होई, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटे. तिने डॉक्टरांकडे फोन केला. मदतनीस बाईंनी विचारलं, "खूप दुखतंय का?"

"खूप असं नाही," रिन्स्के म्हणाली. तिच्या माहेरी कुणी 'खूप' हा शब्द वापरत नसत. तिच्या आजोबांची बोट बुडाली होती तेव्हा तेसुद्धा घरी येऊन 'जरा ओला झालो' एवढंच म्हणाले होते.

"मग पॅरासिटामॉल घ्या. दोन आठवड्यांनी तसंच वाटलं तर फोन करा."

"आणि बरं वाटलं तर?"

"तर करू नका."

रिन्स्केला औषध नकोच होतं. 'रिन्स्के, कोट चढव, मी येतोय, आपण दोघं जाऊ हॉस्पिटलात,' एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. एकटीने जायची तिला भीती वाटत होती. पण त्या दिवसाचं मंजूर दुखणं तिने सकाळीच सर्दीवर उधळलं होतं. म्हणून तिने लिहिलं: "स्नोरला जिना चढताना दम लागतो. डावा पुढचा पाय जड होतो. छातीत दुखतं."

एवढी माया तिच्या वाट्याला गटात कधी आली नव्हती. लाल बदामांच्या राशी पडल्या. कुणी मेणबत्तीचं चित्र पाठवलं.

"अगं, माझ्या सशाचं अगदी असंच झालं होतं," लिडेवायने लिहिलं. "त्याच्या हृदयात नळी घातली. आता धावतो जिना. पण हॉस्पिटलातली कॉफी त्याला मेली अजिबात आवडली नाही."

"बारीक कर गं त्याला," वाउटर म्हणाला. "लाडावून ठेवलायस."

रिन्स्केने धीर केला. "तो एकटा असतो रे. डॉक्टरकडे जाताना कुणीतरी सोबत असावं, असं त्याला वाटतं."

"मग दुसरा बोका आण की!" वाउटरने लिहिलं, आणि त्यालाही बदाम पडले.

पुढच्या आठवड्यात हवामान खात्याने वादळाचा नारिंगी इशारा दिला. हेर्मिना अशा दिवसाची वाटच बघत असे. "आज फक्त हवा," तिने पहाटेच जाहीर केलं. "तब्येत तहकूब. प्राणी अत्यंत तातडी असेल तरच."

रिन्स्के स्वयंपाकघरात हेरिंग कापत होती, तेव्हा छातीवरचा तो पाटा एकदम वरवंट्यासकट आला. ती टेबलाची कड धरत धरत खाली बसली. फोन पुढच्या खोलीत राहिला होता. टॅबलेट तेवढा टेबलाच्या टोकाला होता, तो ओढून घेता आला.

तिने लिहिलं: "वायव्येचा वारा. मला छातीत फार"

"रिन्स्के, आज तब्येत बंद आहे," हेर्मिनाने तत्काळ कळवलं. "वाऱ्याचा वेग लिहिला असतास तर उपयोग झाला असता."

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. रिन्स्केने पुन्हा बोट टेकवलं. "स्नोर जमिनीवर पडलाय. घामाने भिजलाय. उठता येत नाही. कुणीतरी या."

गट पेटून उठला. "धीर धर स्नोर!" "त्याचा पंजा हातात धर!" "त्याच्याशी बोलत राहा गं, त्यांना सगळं कळतं!" वाउटरने झ्वोलेहून हार्लिंगनच्या प्राणी-रुग्णवाहिकेला फोन लावला, आणि बस चालवताना ज्या आवाजात तो सायकलवाल्यांशी बोलत असे त्या आवाजात पत्ता सांगितला.

गाडी लगोलग आली. पुढचं दार वाऱ्यानेच उघडलं होतं. पिवळी जाकिटं घातलेले दोघं आत आले: फेना नावाची उंच बाई आणि सीत्से नावाचा बुटका माणूस. स्नोर खिडकीत बसला होता. कापलेलं हेरिंग त्याने संपवलं होतं आणि आता तो मिशी पुसत होता.

"हा का रुग्ण?" सीत्से म्हणाला. "याला काय धाड भरलीय?"

"मला भरलीय," रिन्स्के जमिनीवरून म्हणाली.

"नोंद बोक्याची आहे, बाई."

फेनाने तिचा चेहरा पाहिला आणि सीत्सेला बाजूला सारून फोन लावला. "लवकर रुग्णवाहिका पाठवा."

"आपण कोण?" पलीकडून विचारणा झाली.

"रुग्णवाहिका."

"मग अडचण काय आहे?"

"आम्ही प्राण्यांची आहोत. इथे एक बाई आहे."

"बाई कुणाची?"

"स्वतःचीच दिसतेय!" फेना ओरडली.

रस्त्यावर झाडं पडली होती, माणसांच्या गाडीला वेळ लागणार होता. फेना म्हणाली, "आपल्याच गाडीतून नेऊ."

"नियमात माणूस बसत नाही," सीत्से म्हणाला.

"रुग्णासोबतची व्यक्ती बसते."

"पण मग रुग्ण पाहिजे."

म्हणून स्नोरला, त्याच्या सात पिढ्यांत कुणी ऐकल्या नसतील अशा शिव्या तो देत असताना, पिंजऱ्यात कोंबण्यात आलं, आणि रिन्स्केला त्याच्यासोबतची व्यक्ती म्हणून स्ट्रेचरवर घेण्यात आलं. गाडीत आधीच एक पंख मोडलेला हंस होता. त्याची नोंद आधीची असल्यामुळे वाटेत पहिल्यांदा हंसाला उतरवण्यात आलं, मग बोक्याला प्राणी-निवाऱ्यात, आणि त्यानंतर सोबतच्या व्यक्तीला लीवार्डनच्या हॉस्पिटलात. फेनाने रस्ताभर रिन्स्केचा हात धरून ठेवला होता. हे मात्र कुठल्याच नियमात नव्हतं.

"इतके दिवस कुणाला सांगितलं का नाहीत?" हृदयात नळी घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना सांगितलं होतं," रिन्स्के म्हणाली.

हाताला बळ आलं तेव्हा तिने गटाला कळवलं: "वारा पडलाय. मी हॉस्पिटलात आहे. मला हृदयाचा झटका आला होता. पडल्यामुळे खुबाही दुखतोय."

पहिलं उत्तर हेर्मिनाचं आलं. "दोन दुखणी झाली, रिन्स्के, आणि एक कमरेखालचं. पण आजच्यापुरतं चालवून घेऊ." यानंतर सगळी मंडळी एकदम बोलू लागली. स्नोर कुठाय? त्याने खाल्लं का? बिचाऱ्याला मालकीण अशी अचानक सोडून गेली, मनावर केवढा परिणाम झाला असेल! लिडेवायला तो डेव्हेंटरला हवा होता, उट्रेख्टच्या बाईंनाही हवा होता, पण त्यांच्याकडे मासा असल्याने त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला. हेर्मिनाने समिती नेमली. समितीने बोका वाउटरला दिला.

निवाऱ्याला मालकिणीची संमती लागत होती, म्हणून वाउटर गाडी हाकत हॉस्पिटलात आला. गटातला माणूस प्रत्यक्ष देहाने समोर येण्याची ही पहिलीच वेळ. रिन्स्केने नर्सकडून केस विंचरून घेतले होते.

"फोटोत तू उंच दिसतोस," ती म्हणाली.

"बसमधला फोटो आहे तो. सीट उंच असते." त्याने टोपी काढली नाही. "या फोनमध्ये एवढं म्हण गं, की बोका मला द्यायला तुझी हरकत नाही."

रिन्स्केने तसं म्हटलं. मग म्हणाली, "टेक की जरा. कॉफी मागवते."

"नको बाई. इथल्या कॉफीबद्दल सशाकडून ऐकलंय मी."

"वाउटर," ती म्हणाली, "मला फार भीती वाटली रे."

वाउटरचा चेहरा खरोखर उतरला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने पांघरुणावरून तिचा पाय थोपटला. "वाटणारच गं. काय काय सोसलं बिचाऱ्याने! पिंजरा काय, हंस काय. आता तू काळजी करू नकोस, मी आहे ना त्याला." त्याने घड्याळ बघितलं. "निघतो. वाट बघत असेल तो."

ती दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळाने नर्सने येऊन विचारलं, "भेटायला आलेले गृहस्थ नातेवाईक का तुमचे?"

"नाही," रिन्स्के म्हणाली. "ते बोक्याकडचे."

स्नोरबद्दल अनेकांना चिंता लागून राहिली असेल, म्हणून कळवण्यात येतं, की तो झ्वोलेला ठणठणीत आहे. पहिल्या दिवशी त्याने ब्रामच्या नाकावर पंजा मारला, दुसऱ्या दिवशी त्याची टोपली बळकावली, आणि आता दोघं एकाच ताटलीत जेवतात. त्याचं वजन वाढलं आहे. मिशी आहे तशीच आहे. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात मघापासून हंसही घोळत असेल, याची आम्हाला कल्पना आहे. त्याचा पंख जुळून आला आणि एका निरभ्र सकाळी, वारा नैर्ऋत्येकडून असताना, त्याला कालव्यात सोडण्यात आलं. तो उडाला.

याखेरीज आणखी कुणाबद्दल विचारणा झालेली नाही.