काकवी लावलेलं पिल्लू

गणूतात्यांची आणि माझी ओळख माझ्या कानापासून झाली. बदली होऊन कसबा बावड्यात आलो, ट्रंक खाली ठेवतोय तोवर शेजारच्या दारातून एक उंच म्हातारा आला. त्याने माझ्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून नीट चोळली आणि म्हणाला, "पावणं, जरा कच्चं उतारलंय तुमचं. पर चालतंय की."

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. कान धरायचा हक्क आपला, असा माझा तोवर समज होता.

मागून कळलं, तात्या जन्मभर गुळव्या होते. उसाचा रस मोठ्या कढईत, काहिलीत, उकळताना ती नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. चिमूटभर पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांत चोळायचा आणि निकाल द्यायचा. तात्यांची गुऱ्हाळं सुटली, बोटांची खोड सुटली नाही. तंबाखू, कोथिंबीर, शर्टाचं कापड, सगळं चोळून बघायचे. आमच्या हेडमास्तरांचाही कान त्यांनी भर रस्त्यात चोळला आणि "ह्यो करपलाय" असं जाहीर केलं. निकाल बरोबर होता. हे आता लिहायला हरकत नाही, हेडमास्तर निवृत्त झालेत.

तात्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. होती ती एक कुत्री, बाईसाहेब. वय चौदा, एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचा एक पाय ओढत चालायची. तात्यांनी तिला कधी एकेरी हाक मारली नाही. बाईसाहेब जेवल्याशिवाय स्वतः भाकरी मोडायची नाही, हा त्यांचा नेम. मला कुत्र्यांची भीती वाटते. बाईसाहेब माझी दखलच घेत नसत, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

एका थंडीत तात्या सहज म्हणून गुऱ्हाळावर गेले. सहज म्हणजे रोज जायचे. काहिलीखालच्या चुलाणात उसाची चिपाडं सारणाऱ्या गड्याच्या कवेतून कुंईकुंई ऐकू आली. तात्यांनी त्याचा हात धरला. चिपाडांतून वीतभर लांबीचं तांबूस पिल्लू निघालं. क्षणभर उशीर झाला असता तर ते धूर होऊन बावड्यावरून गेलं असतं. तात्यांनी त्याचा कान चोळला, "पाक बेस हाय" म्हणाले आणि सदऱ्यात घालून घरी आणलं. नाव ठेवलं ढेप्या.

घरात घेताना त्यांनी काही कमी केलं नाही. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पिल्लाच्या चारी पायांवर पाणी घातलं आणि ते बाईसाहेबांपुढे ठेवून हात जोडले. "बाईसाहेब, धाकलं आलंय. पदरात घ्या."

बाईसाहेबांनी चांगल्या डोळ्याने धाकल्याकडे पाहिलं. उठल्या, पाय ओढत आमच्या ओट्यावर आल्या आणि माझ्या खुर्चीखाली बसल्या. लग्नात मान न मिळालेली आत्या बसते तशा. मी खुर्चीत पाय वर घेऊन वह्या तपासल्या, दोन दिवस.

तात्या दुधात भाकरी कुस्करून आणायचे आणि खुर्चीखाली वाकून विनवायचे. "चुकलं आमचं. आदी इचारायला पायजे हुतं. आता गिळा रागाचं." बाईसाहेब तोंड फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी तात्यांनी त्यांना उचलून घरी नेलं, तरी अन्नाला तोंड लावेनात. नेमाप्रमाणे तात्याही उपाशी. दोघांच्या वाटणीचं ढेप्या खात होता आणि गोल होत चालला होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, आमच्या शाळेचा शिपाई शाहूवाडीचा आहे. त्याला रानात राखणीला कुत्रं हवंय. देऊन टाका. ही गेल्यावर दुसरं आणा."

तात्या एकदम चिडले. "बाईसाहेब गेल्यावर आणून काय उपेग? त्या हायती तवरच यायला पायजे, आन त्यांनी त्येला आपलं म्हणाय पायजे. दिवस थोडं हायती, मास्तर."

इतकी घाई कशाची, ते मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तात्या गुऱ्हाळावरून तांब्याभर काकवी घेऊन आले. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक. "गुळाला कोण न्हाय म्हणतंय?" म्हणाले आणि हळद लावावी तशी ती ढेप्याला नाकापासून शेपटीपर्यंत चोपडली.

बाईसाहेबांचं नाक हललं. त्या आल्या, हुंगलं आणि ढेप्या चाटायला लागल्या. अख्खं पिल्लू त्यांनी चाटून लख्ख केलं. गोडी संपल्यावर मात्र त्याच्यावर गुरगुरून परत कोपऱ्यात जाऊन बसल्या. तात्या खूश. "पाक आला न्हाय अजून, पर उकळी आलीया." बाईसाहेबांच्या पोटात चार घास गेले म्हणून तेही जेवले.

मग रोज काकवी. आणि काकवीमागून मुंग्या. त्या तात्यांच्या घरात मावेनात, तेव्हा सामाईक भिंत ओलांडून आमच्या साखरेच्या डब्यात उतरल्या. साखर रेशनची. बायको डबा घेऊनच शेजारी गेली. "तात्या, कुत्रं गोड करा नाहीतर तिखट करा, माझ्या डब्यात मुंग्या चालायच्या नाहीत."

"व्हय की वैनी, बरोबर हाय तुमचं," म्हणून तात्यांनी उपाय काढला. मुंग्या लागू नयेत म्हणून आपण दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतो. तात्यांनी मोठी परात पाण्याने भरली, मधे पातेलं पालथं घातलं आणि त्यावर काकवी लावलेला ढेप्या ठेवला. हे बघायला आम्ही दोघंही दारात उभे होतो.

ढेप्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं, पातेल्यावरून घसरला आणि बुडाला. काकवी सगळी पाण्यात गेली. वर आलं ते भिजलेलं, थरथरणारं, बिनगोडीचं पिल्लू. तात्या पुढे धावणार तोच बाईसाहेब परातीत शिरल्या. ढेप्याला मानेला धरून बाहेर काढलं, पोटाशी घेतलं आणि चाटत राहिल्या. आता चाटण्यासारखं त्याच्या अंगावर काही नव्हतं.

बायको मुंग्यांचं विसरून डोळे पुसत होती.

संध्याकाळी तात्यांनी मला बोलावलं. "बसा मास्तर. बघा."

साखर कारखान्याचा साडेपाचचा भोंगा झाला. बाईसाहेब उठल्या, दाराबाहेर पडलेली तात्यांची एक चप्पल तोंडात धरून आत आणली आणि धान्याच्या पोत्यामागे लपवली.

"ह्यास्नी आमच्या मालकिणीनं शिकवलंय," तात्या म्हणाले. "मी घरला येऊन परत गुऱ्हाळावर जायचो ना, म्हणून. ती गेली, तरी ह्या रोज लपवत्यात. कसं शिकवलं, मला ठावं न्हाय. मी घरात असायचो कुठं बघायला? शिकवणारी गेली, शिकलेली एकच उरलीया. बाईसाहेबांकडनं ह्या धाकल्यानं शिकाय पायजे."

ढेप्या दुसऱ्या चपलेपाशी गेला होता. पट्टा दातांत धरून तो ती ओढत होता. उंबऱ्याला अडकली, तशी तिथेच बसून चावायला लागला.

"पण तात्या, आता तुम्ही संध्याकाळचे कुठे जाता?"

"कुठंच न्हाय," तात्या म्हणाले. "पर जाऊ नगा म्हणणारं कुणीतरी घरात पायजे की."