प्रभाकरभाऊची मुकी खोली

प्रभाकरभाऊ कोणाच्याही घरी गेला, की पाणी मागायच्या आधी एक टाळी वाजवतो. एकच, कडक. मग मान वाकडी करून छताकडं बघतो आणि निकाल देतो, "घुमते बे!" मागं गल्लीत एका मयतीच्या घरी भेटायला गेला, तिथंही वाजवली. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. हा म्हणतो, "पाहा, अथीबी घुमते."

अख्खं मेडशी त्याला येडा म्हणतं. म्हणो बापडं! माझं वेल्डिंगचं दुकान त्याच्या घराला लागून आहे. त्याचा येडेपणा मी रोज चहाबरोबर घेतो आणि मला तो पचतो.

दरसाल सोयाबीन ठेवायच्या मागच्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढायला घेतला. "खोली मुकी पाहिजे, संजू. भिंतीनं मधात बोलाचं काम नाही." बाजारातला फोम नको म्हणाला. भिंतींना वाकळी ठोकल्या, दाराला बारदाना, छताला कापसाच्या गाद्या. आवाजाची घरघर कोपऱ्यात साठते म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात तुरीचं कुटार भरलेली पोती उभी केली. तुरीचं कुटार! त्या भुशाच्या वासानं बकऱ्या दुसऱ्या गल्लीतून येतात. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि बकऱ्यांनी एक कोपरा साफ केला. मी हसून हसून बेजार. हा तिथंच बकऱ्यांमध्ये उभा राहिला, टाळी वाजवली आणि खूश झाला, "खाल्लेल्या कोपऱ्यात घुमून राह्यलं. म्हंजे कुटार काम करत होतं!"

मग स्पीकरचे स्टँड माझ्याकडून करून घेतले. लोखंडी पाइप, थरथरू नये म्हणून आत वाळू ठासलेली. उंची सांगितली जेमतेम मांडीएवढी.

"अरे, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पोटाशी येतील!"

"कान जथी, स्पीकर तथी. तू वेल्डिंग मार."

त्याचा धाकटा भाऊ सुधाकर तापला होता. "सोयाबीन निघाच्या आत खोली खाली कर, नाही तं गाद्या उकिरड्यावर फेकतो."

"फेकून तं पाह्य!"

निवडणुकीची पोरं प्रचाराचं गाणं घेऊन आली, त्यांनाही यानं हाकललं. "इथला पयला आवाज ठरलेला हाये." कोणाचा, ते सांगेना.

गल्लीत पोरींची गाण्यांची भुलाबाई बसली आणि सोयाबीन निघालं. सुधाकरनं ट्रॅक्टर दारात आणून लावला आणि मला हाक मारली, "संजूभाऊ, पाना आना, ते स्टँड काढा." आम्ही दोघं आत घुसलो.

आत विमलवैनी, प्रभाकरभाऊची बायको, पाटावर बसलेल्या. स्पीकर बरोबर त्यांच्या कानाशी.

एके काळी भुलाबाईची गाणी पोरींच्या पुढं वैनीच म्हणायच्या. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज इतका बारीक झाला, की जो तो "काय? जोरानं बोला!" म्हणायचा. मीही म्हणायचो. शेवटी वैनींनी बोलणंच सोडलं. हातानं खुणा करायच्या.

आतच असलेल्या प्रभाकरभाऊनं दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. स्पीकरमधून भुलाबाईचं गाणं आलं. बारीक, जरा खरखरीत, पण शब्द न् शब्द कळत होता. दोन ओळींच्या मधला वैनींचा श्वासही ऐकू येत होता. सुधाकर उभ्याचा खाली बसला.

"कोन म्हंते इचा आवाज गेला?" प्रभाकरभाऊ आमच्यावर खेकसला. डोळे भरून आले होते त्याचे. "गावातली एक खोली सोडली नाही म्या! आवाज चांगलाच होता, खोल्या नालायक होत्या तुमच्या!"

गाणं संपलं. वैनींनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, मग सुधाकरकडं.

"भाऊजी, सोयाबीनचे पोते ओसरीवर लावा. वरून ताडपत्री टाकजा."

कोणालाच "काय?" म्हणावं लागलं नाही. सुधाकर "हो वैनी" म्हणून उठला आणि ताडपत्री आणायला गेला.