आहे आणि होता

सरकारी कागद काढण्यात माझा हात धरणारा आमच्या तालुक्यात कुणी नाही, असं मी भाच्याला फोनवर सांगितलं, तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. बत्तीस वर्षं कचेरीत घासली होती. तुम्हीही असतात तर असंच बोलला असतात.

भाचा मल्लिकार्जुन वीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि तिथलाच नागरिक झाला. आता त्याला लेकीला, इराला, अकरावी-बारावीसाठी लातूरच्या क्लासला घालायचं होतं. इथली पोरं अमेरिकेला जाता यावं म्हणून लातूरला शिकतात, आणि ही अमेरिकेतून लातूरला येणार! पण व्हिसाच्या कटकटीविना दोन वर्षं राहायचं, तर मूळच्या भारतीयांना परदेशी झाल्यावर मिळतं ते ओसीआय कार्ड हवं. आणि त्यासाठी मल्लिकार्जुन पूर्वी भारतीय होता, याचा पुरावा हवा. एकच.

"एक कशाला, दहा पाठवतो," मी म्हणालो.

अडचण एवढीच, की भाचा जन्मला-शिकला आमच्याच गावात, आणि त्र्याण्णवच्या भूकंपात आमची शाळा पडली, ग्रामपंचायत पडली आणि दोन्हींची दप्तरं ढिगाऱ्याखाली गेली. गाव नव्या जागी वसलं, तोवर भाचा आईबरोबर लातूरला गेलेला. नव्या दप्तरात नोंद कुणाची, तर नव्या गावात राहतो त्याची. मग मी भाचा नव्या गावात राहायला आणला. कागदावर. आधी माझ्या रेशनकार्डावर चढवला. त्यावरून ग्रामसेवक गुरुपादप्पाकडून रहिवासी दाखला घेतला. दाखल्यावरून मतदारयादीत नाव घातलं. फोटो मागितला, तर लग्नाच्या फोटोतला बाशिंगासकट कापून दिला. हे सगळं शिक्के मारून असं जाडजूड पाठवलं, की कुरिअरवाल्यानं वीट आहे का विचारलं.

भाच्यानं मामावर विश्वास ठेवून न वाचताच ते तिकडच्या भारतीय वकिलातीत दिलं.

दीड महिन्यानं त्याचा फोन आला.

"मामा, ते विचारतायत, तुम्ही नक्की कोण?"

कागदांप्रमाणे तो माझ्या घरात राहत होता, साखर-रॉकेल उचलत होता आणि मतदानही करणार होता. म्हणजे तो भारतीय होता नव्हे, आहे! एका माणसाला एकाच वेळी दोन्हीकडचं नागरिक राहता येत नाही, तेव्हा खुलासा करा, असं पत्र त्याला आलं होतं. क्लासचे प्रवेश पंधरा दिवसांत बंद होणार होते, आणि इरानं तिकडच्या शाळेतून नाव काढून घेतलं होतं. पोरीला ना ही शाळा, ना ती.

मी तसाच गुरुपादप्पाकडे गेलो. म्हटलं, दाखल्यात "राहतात" आहे, तिथं "राहत होते" करून द्या.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "होते लिहायचा दाखला माझ्याकडं एकच हाय. मृत्यूचा."

"अहो, तो जिवंत आहे."

"मग हाय म्हणूनच राहू द्या की."

यावर मी विचार करायला नको होता. पण केला. आणि लातूरला, भाच्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण शांतम्मा, तिच्याकडे गेलो. अक्का घरात क्लासच्या बारा पोरी ठेवते. ती भाकरी थापत होती. कार्ड मिळेपर्यंत महिनाभर मल्लिकार्जुन वारलाय असं दाखवलं तर चालेल का, असं मी तिला शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं.

अक्काचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती माझ्याकडेच बघत होती.

"तुला नेमकं काय पाहिजे, श्रीशैल?"

मी सांगितलं. तिनं हात धुतले, देवघरात गेली आणि एक निळं पुस्तक आणून माझ्यापुढं ठेवलं. मल्लिकार्जुनचा जुना भारतीय पासपोर्ट. अमेरिकन झाल्यावर पहिल्यांदा आला, तेव्हा आता हा कशाला म्हणून इथंच टाकून गेला होता. इतक्या वर्षांत तो हरवला असणार, असं मल्लिकार्जुन धरून चालला होता. त्यातल्या मिशा पोराला लई शोभतात, म्हणून अक्का रोज देवासोबत त्यालाही हळद-कुंकू लावत होती.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? दोन महिने झाले, तू नुसता सांगूनच राहिलास."

पासपोर्ट हळद पुसून पाठवला. सोबत माझं चार पानी माफीपत्र. कार्डं आली, क्लासवाल्यांनी जागा राखून ठेवली, आणि इरा अक्काकडे तेरावी पोर म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, आजोबा, इथं पहाटे पाचला उठतात ते कुठं आग लागली म्हणून का?

राहता राहिलं मतदारयादीतून भाच्याचं नाव काढणं. तो अर्ज मी कुणालाही हात लावू न देता स्वतः भरला. अर्जदार कोण, नाव कुणाचं काढायचं, कारण काय, तर कायमचे अमेरिकेला गेले. सही, शिक्का, पोच. कसं चोख!

पुढच्या निवडणुकीला सकाळीच केंद्रावर गेलो. तिथल्या बाईंनी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. नाव सापडेना. मग कमी केलेल्या नावांचा कागद काढला, त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. दोन रकाने होते हो अर्जात. वर माझं नाव लिहायचं होतं, खाली त्याचं.

"काका, मतदानासाठी मुद्दाम अमेरिकेहून आलात?"

मागं रांग वाढत होती. सगळं गाव कान देऊन उभं होतं.

मी "हो" म्हणालो.