मामांच्या अंगठ्यातले जंतू

थोरल्या मामांच्या अंगठ्यातले जंतू मेले, ही बातमी भाचीने फोनवर रडत रडत सांगितली. मोबाइल घरात नुकताच आला होता आणि त्यावर आलेली ही पहिलीच वाईट बातमी. मामांचा चेहरा पडला.

ते जंतू साधेसुधे नव्हते. पायाच्या अंगठ्याची जखम वर्षभर चिघळत होती आणि जरा बरं वाटलं की मामा गोळ्या अर्ध्यावर सोडत. जंतू असे निर्ढावले की औषधाला जुमानेनात. भाची प्रयोगशाळेत प्रतिजैविकात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळून बघत होती. चांदी जंतूंचं कवच खिळखिळं करी, मग तेच हरलेलं औषध आत शिरे. मामांचे जंतू तिने हौसेने नेले होते. तेव्हापासून मामा चारचौघांत सांगत, "आमच्यावर संशोधन चालू आहे."

"पण मेले कसे गं?"

"ज्या चंबूत वाढवले त्यात आधी चांदी होती, मामा. धुतला होता मी, तरी काचेला चिकटून राहिली असणार. फ्रीजरमध्ये राखून ठेवलेले तर वीज गेली तेव्हाच गेले. सोमवारी परीक्षक येणार! नुसतं औषध हरतं हे दाखवलं नाही, तर माझी पदवी लटकली."

"रडू नकोस. अंगठा आहे अजून."

दुसऱ्या दिवशी भाची कापूस लावलेली काडी घेऊन आली. मामा इस्त्रीच्या कपड्यांत, पाय स्टुलावर ठेवून तयार. अंगठा लख्ख. घरभर जंतुनाशकाचा वास.

"मामी, जखम धुतलीत?"

"मग? एवढी शिकलेली माणसं बघणार. तसाच बरबटलेला दाखवायचा?"

त्या काडीवरून प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही. "आता पाण्याचा थेंब लावू नका," भाचीने बजावलं. मामीने मान डोलावली. पण कुणी येणार म्हटल्यावर काही अस्वच्छ ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. मामा दुपारी घोरू लागले, की ती हळूच अंगठा धुऊन नवी पट्टी बांधी.

शुक्रवारी भाचीने पट्टी सोडली आणि मटकन खाली बसली. जखम भरत आली होती. रोज धुवा, म्हणून डॉक्टर वर्षभर कानीकपाळी ओरडत होते, ते असं झालं.

"म्हणजे माझ्याकडे आता काहीच नाही?" मामा हादरले.

मामीने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. उजवा पाठीमागे. भाचीने तो ओढून पाहिला. नखाशेजारी टपोरं, पिवळं नखुरडं.

"हे कधी झालं?"

"यांचा पाय धुताना. नखापाशी चिरलं होतं जरा. तू आधीच एवढी काळजीत, म्हटलं कशाला सांगा?"

भाचीने मामीला मिठीच मारली. मग काडी फिरवली आणि तिला तडक डॉक्टरकडे नेलं.

सोमवारी काचेच्या बशीत जंतूंचा दाट थर होता. नुसत्या औषधापुढे ते ढिम्म हलले नाहीत. चांदीवाल्या औषधाभोवती मात्र स्वच्छ गोल उमटला. परीक्षकांनी मान डोलावली, भाचीची पदवी सुटली.

संध्याकाळी बोटाला पट्टी बांधलेल्या मामीचं सगळे कौतुक करत होते. मामा कोपऱ्यात फुगून बसले होते.

"जंतू मुळात माझे होते," ते शेवटी म्हणाले.

"असू द्या हो," मामी म्हणाली. "इतक्या वर्षांत तुमचं दुसरं काही माझ्या नावावर झालंय का?"