भुरीबाईच्या बेटावरचा चिखल

एका जंगलात सगळं होतं. रस्ता होता, दवाखाना होता, गोठ्यात पंखेसुद्धा होते. म्हणून आपली गोष्ट त्या जंगलातली नाही. आपली गोष्ट त्या जंगलासमोरच्या, खाडीपलीकडच्या एवढ्याशा बेटावरची आहे. तिथं काय होतं? चिखल होता.

कोण हसलं रे? चिखलाला हसू नका. नीट मांडी घालून बसा.

तर त्या बेटाला जेटी होती. सिंहमहाराजांनीच बांधून दिली होती. भरती असली की पाणी थेट जेटीला लागायचं. ओहोटी लागली की पाणी रुसून लांब जायचं आणि मध्ये उरायचा पोटाला लागेल एवढा चिखल. बेटकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "महाराज, जेटी जरा पुढे न्या." महाराजांनी पाहणीला कोल्हेसाहेबांना पाठवलं. साहेब भरतीला आले आणि भरतीलाच गेले. जाऊन म्हणाले, "महाराज, पाणी जेटीला टेकलंय. दारोदार नळ आहेत. बेट सुखी आहे."

नळ होते हो. पाण्याचं मागाहून बघू म्हणाले होते.

या बेटावर भुरीबाई म्हैस राहायची. नवरा वारलेला. पदरात एकुलता एक टोणगा, नाव नाग्या. अंगानं धडधाकट, स्वभावानं गरीब, बापासारखाच सुस्त. लग्नाचं वय टळायला आलं होतं. बेटावरच्या वगारी कधीच लग्न करून पलीकडे गेल्या होत्या, आणि पलीकडची वगार इकडे द्यायला कोणी तयार नव्हतं. जंगलातल्या म्हशी आता सुधारल्या होत्या ना! सिमेंटच्या गोठ्यात राहायच्या, खूर धुऊन घरात यायच्या. पाहुणे यायचे, ओहोटीत सापडायचे, चिखल बघितला की होडीतूनच माघारी. मुलाचं तोंडसुद्धा बघायचे नाहीत.

"आई, जाऊ दे गं," नाग्या म्हणायचा.

"काय जाऊ दे? मी मेल्यावर या घरात दिवा कोण लावणार? तू? तुला वात कुठली नि काडी कुठली ते तरी कळतं का?"

कोल्हेसाहेब गेले त्या दिवशी मात्र भुरीबाईच्या डोक्यात उजेड पडला. भरतीला यायचं, भरतीला जायचं. जे राजाला चालतं ते व्याह्यांना का चालू नये?

तिनं जंगलातल्या गजबाराव रेड्याकडे निरोप धाडला. त्यांची चंपी लग्नाची होती. होडी चालवणाऱ्या ऊदमांजराला, म्हणजे ऊद तांडेलाला, तिनं भरती साधून पाहुण्यांना आणायला सांगितलं.

"आणतो," तांडेल म्हणाला. "पण मी शीळ घातली की उठवायचं त्यांना. पाणी उतरायला लागलं तर तुझा व्याहीही माझा नाही नि तूही माझी नाहीस."

शेजारच्या हुपाकाकू वानरिणीला तिनं भिंतीमागे बसवलं, कळशी घेऊन. पुढून कोणी नळ सोडला की मागून पाइपात पाणी ओतायचं.

गजबाराव बायकोला घेऊन आले. जेटीवर उतरले, खूर कोरडे. "वा! पाणी अगदी दारात!" मग नळ सोडून बघितला. धो धो पाणी. "धारही चांगली आहे हो," गजबारावांची बायको म्हणाली. भिंतीमागे हुपाकाकूला दम लागला होता.

"शाळा आहे ना?"

"ती काय समोर," भुरीबाई म्हणाली. खोटं नव्हतं. समोर शाळा होती. मास्तर कुठं आहे असं कोणी विचारलं नव्हतं.

नाग्याला शिंगांना तेल लावून पुढे आणलं. "काय करता आपण?" गजबारावांनी विचारलं.

"इथं काय करणा..." नाग्यानं तोंड उघडलं तोच आईनं त्याच्या खुरावर खूर ठेवला. "स्वतःचंच बघतो सगळं," ती म्हणाली.

"स्थळ पसंत आहे," गजबाराव म्हणाले. "चार दिवसांत सुपारी फोडू." आणि उठले.

तेवढ्यात तांडेलाची शीळ आली. आता भुरीबाईनं फक्त गप्प बसायचं होतं. झालं, एवढंच. पण मुलांनो, दारातून पाहुणा उठतोय आणि बाई गप्प बसलीय, असं तुम्ही कुठं बघितलंय?

"अहो, असे कसे उठता? आंबोण तरी घ्या घासभर!"

घेतलं. दुसरी शीळ.

"तिवराचा पाला राहिलाच की! आमच्याकडचा खारट पाला खाल्ल्याशिवाय जायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे!"

तिसरी शीळ कोणी ऐकलीच नाही. गजबाराव रवंथ करत होते. आणि जेव्हा सगळे जेटीवर आले तेव्हा होडी लांब पाण्यात होती, तांडेल हात हलवत होता, आणि मध्ये सगळा चिखल उघडा पडला होता.

भुरीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ओहोटीबरोबर तेही गेलं म्हणा.

"हे काय आहे?" असं म्हणत गजबाराव पुढे वाकले आणि सरळ आत गेले. फस्स! नाग्या धावला. भुरीबाईनं डोळे मिटले. आता शिव्या येणार, लग्न मोडणार.

पण शिवी आली नाही. आला एक लांबच लांब सुस्कारा.

"अगं ए," गजबाराव बायकोला म्हणाले, "ये गं आत. आपण लहान असताना लोळायचो ना, तस्सं आहे!"

तीही उतरली. मग काय, दोघं मानेपर्यंत रुतून पडले. "भुरीबाई, हे सुख तुम्ही आमच्यापासून लपवत होता?"

तेवढ्यात भिंतीमागून हुपाकाकू ओरडली, "भुरे, कळशी संपली गं! आणखी किती वेळ पाहुण्यांना फसवायचं?"

भुरीबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाहुणे खो खो हसले. "किती साधे जीव आहेत हो! असं आता आमच्याकडे राहिलं नाही."

भुरीबाईला धीर आला. "मग चंपीलाही आवडेल की इथं."

"न आवडायला काय झालं? आणू तिला दोन दिवस."

"दोन दिवस नाही हो. नांदायला."

चिखलात एक बुडबुडा फुटला.

"नांदायला?" गजबारावांनी मान वर काढली. "अहो, लोळणं वेगळं, नांदणं वेगळं. इथं दवाखाना आहे?"

"नाही."

"मग! तुम्ही असं करा, नाग्यालाच आमच्याकडे द्या. घरजावई म्हणून. गोठ्यात जागा आहे."

भुरीबाई फणकारली, "मला सून हवी होती. मुलगा होता माझ्याकडे!" मग तिनं नाग्याकडे बघितलं. नाग्या खुरांकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "पंखा पण आहे म्हणतात."

"मग जा," ती म्हणाली. "वाऱ्यानं सर्दी होते तुला. मानेला काहीतरी गुंडाळून घे."

पुढच्या भरतीला नाग्या होडीत बसला.

आता गजबाराव दरवर्षी येतात. ओळखीपाळखीचे घेऊन येतात. सगळे ओहोटी बघून येतात, चिखलात लोळतात, भुरीबाईच्या हातचं आंबोण खातात आणि भरतीला जातात. महाराजांच्या कानावर हे गेलं. पुन्हा कोल्हेसाहेब आले, या खेपेस ओहोटीला. फार खूश झाले. जेटीवर पाटी लागली : 'हा चिखल राज्याचा ठेवा आहे. जेटी वीतभरही पुढे नेऊ नये.'

गेल्या खेपेला भुरीबाईला ताप होता. पलीकडे न्यायला होडी लागेना, ओहोटी होती. नाग्याचं रेडकू चिखलात मनसोक्त लोळून तिच्या उशाशी आलं, ओल्या नाकानं तिला ढुसणी देऊन म्हणालं, "आजी, तुझ्याकडे किती मजा असते! तू इथंच राहा हं. कुठं जाऊ नकोस."

"जातेय कुठं?" भुरीबाई म्हणाली. "आंबोण खाल्लंस का?"

तात्पर्य : आपल्या गावाचा चिखल पाहुण्यांपासून कधीही लपवू नये. त्यांना तो आवडला, की ते तो जपून ठेवतात. तुमच्यासकट.